तुटायच्या आधी

दातिवऱ्याच्या वायरलेसबायशी पहिल्यांदा बोलणाऱ्याला वाटायचं, ही बाई एक तर तोतरी असावी, नाही तर फार मोठी विचारवंत. ती दोन शब्द बोलायची आणि थांबायची. मग तीन शब्द, की पुन्हा शांतता. मी तिच्या खोलीत प्रथम गेलो तेव्हा ती म्हणाली, “चहा घेशील...” आणि थांबली. इतकी थांबली, की मी ‘हो’ म्हणून टाकलं. तेव्हा कुठे पुढचे शब्द आले, “...का सरबत?” मी भिडेनं पुन्हा ‘हो’ म्हणालो. दोन्ही प्यावं लागलं.

या थांबण्याचा खुलासा मला दुसऱ्या दिवशी झाला आणि त्या दिवसापासून मी तिच्यापुढे मनातल्या मनात हात जोडूनच बसायचो. बाय तीस वर्षं मच्छीमार सोसायटीच्या माडीवर, बर्फाच्या खोलीच्या बरोबर वर, वायरलेसच्या सेटपुढे बसत होती. समुद्रात गेलेल्या होड्यांशी बोलायचं, हे तिचं काम. आता होडी लांब गेली, की ती लाटेच्या माथ्यावर असेपर्यंत आवाज पोचतो. लाटेच्या पोटात उतरली की आवाज गडप. अशा वेळी दुसरा कोणीही घसा फोडून तेच तेच वाक्य ओरडत बसला असता. बाय कधी ओरडली नाही. होडी वर असताना ती दोन शब्द टाकायची आणि होडी खाली गेली की श्वास घ्यायची. मोठ्या होडीचा झोका लांब, लहानीचा तुटक. गावातल्या प्रत्येक होडीचा ताल तिला पाठ होता. मी इलेक्ट्रॉनिक्सचा पदविकाधारक, खिशात कंपनीचं मीटर, मनगटावर घड्याळ. मी शेजारी बसून मोजलं. बायचा एकही शब्द लाटेच्या पोटात पडला नाही. होडी दिसत नव्हती, लाट दिसत नव्हती, समोर होती ती फक्त एक भिंत आणि तिच्यावरचं कॅलेंडर.

“बाय, हे कसं काय जमतं?”

“पयल्या हाकेला कळतं,” ती म्हणाली. “तो ‘बाय’ म्हनतो ना, त्यातला ‘बा’ येतो आनि ‘य’ येत नाय. म्हंजे होडी उतरायला लागली. मग मी थांबते. घाई कशाला? वर येनारच हाय.”

तीस वर्षांत ही सवय जिभेला अशी लागली, की घरातही तिचं बोलणं लाटांवरूनच यायचं. तिचा नवरा जुना तांडेल, म्हणजे होडीचा कप्तान. गुडघ्यांनी दगा दिल्यावर तो घरी बसला. लग्नानंतरची सगळी वर्षं दोघांचं बोलणं मुख्यतः वायरलेसवर झालेलं. समोरासमोर बसल्यावर दोघांची पंचाईत झाली. तांडेल वाक्य संपलं की ‘ओव्हर’ म्हणायचा. “आमटीत मीठ नाय, ओव्हर.” बाय शांतपणे दोन क्षण थांबायची आणि म्हणायची, “ऐकू आलं नाय. परत सांग.” हे ऐकू न येणं मात्र रेडिओचं नव्हतं.

बायचा एक नियम सोसायटीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत होता. तिचा कॉल कधीही मधेच तुटायचा नाही. आवाज जाणार, हे तिला आधी कळायचं आणि तो जायच्या आत ती “ठेवते आता, सांभाळून या” म्हणून मोकळी व्हायची. तिनं हातातला माइक खुंटीला अडकवला, की क्षणभरानं सेटमधून नुसती खरखर सुरू व्हायची. मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला वाटलं, हिनं टेबलाखालून वायर ओढली. खरंच वाकून पाहिलं मी.

“तुटायच्या आदी ठेवायचं,” ती म्हणाली. “तुटला तर पलीकडचा मानूस घाबरतो. बायला काय झालं, मला काय झालं, होडीला काय झालं. ठेवला तर घाबरत नाय. त्याला ठाऊक असतं, बायनं ठेवलाय. परत लावील.”

आता मी तिथे काय करत होतो ते सांगतो. त्या काळी मी बोईसरच्या एका लहानशा इंटरनेट कंपनीत होतो. कंपनी म्हणजे मालक, मी, टॉवरवर चढणारा रामअवतार आणि उतारावर उभी केली तरच चालू होणारी एक जीप. आम्ही बोईसरहून सफाळ्याच्या डोंगरावर आणि डोंगरावरून डिशच्या जोरावर गावागावांत इंटरनेट फेकायचो. दातिवऱ्याचं काम मोठ्या कौतुकाचं होतं. वर्षातल्या मोठ्या उधाणाला खाजण, म्हणजे खाडीकाठची दलदल, तुडुंब भरतं, गावाचा रस्ता पाण्याखाली जातो आणि दोन-तीन तास गावाचं बेट होतं. मोबाइलची रेंज तेव्हा फक्त धक्क्याच्या टोकाला यायची आणि उधाणात धक्क्याचं टोकही बुडायचं. अशा वेळी कोणाला काही झालं तर आरोग्य उपकेंद्रातल्या सिस्टरनं करायचं काय? म्हणून ठरलं, की आमच्या डिशवरून सिस्टर बोईसरच्या डॉक्टरांना पेशंट दाखवील. छोटं ईसीजीचं यंत्रसुद्धा आलं. उपकेंद्र सोसायटीच्या भिंतीला भिंत लावून होतं, म्हणून डिश सोसायटीच्या छपरावर आणि तिचा डबा बायच्या खोलीत. डब्यावर एक दिवा. हिरवा म्हणजे लाइन आहे. लाल म्हणजे गेली.

मी डिश लावली, मीटर लावलं, काटा असा वर गेला की रामअवतार छपरावरून ओरडला, “साब, एकदम फुल!” आम्ही फोटो काढले. तिसऱ्या दिवशी सिस्टरचा निरोप आला, लाइन बंद. मी धावत गेलो तर दिवा हिरवा. परत आलो तर निरोप, बंद. पुन्हा गेलो तर हिरवा. असं चार वेळा झालं. मी वायर बदलली, डबा बदलला, डिश एक वीत सरकवली. मालकानं महिन्याची मुदत दिली. महिन्यात लाइन सुधारली नाही, तर डिश काढून दुसऱ्या गावाला आणि मी घरी.

पाचव्या खेपेला मी डोकं धरून बायच्या खोलीत बसलो. ती जाळ्याची सुई दातात धरून माझ्याकडे बघत होती. सुई काढली आणि म्हणाली, “तू पयल्या दिवशी कदी आलास?”

“सकाळी. अकराला.”

“ओहोटीला आलास. रस्ता कोरडा बगून आलास. डिश लावलीस, मोजलंस, गेलास.” एक लाट गेली. “दर्या घरी नवता तेवा मोजून गेलास, पोरा.”

मी हसलो. आम्ही शिकलेली माणसं अशा वेळी हसतो.

“हसू नको. आज सप्तमी. आज जानार नाय. भांगाची भरती, पानी खाजनात चढतच नाय. पुनवेला ये. वारा नसला तर मग बग.”

पौर्णिमेला मी गेलो, मुद्दाम तिला खोटं पाडायला. वारा नव्हता, झाडाचं पान हलत नव्हतं. बाय भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी उभी राहिली, बोटांवर काहीतरी मोजलं आणि म्हणाली, “अकराला जाईल.” अकराला दिवा लाल झाला. “साडेअकराला येईल.” साडेअकराला हिरवा. “घटकाभर राहील, मग परत जाईल.” तसा तो पुन्हा गेला. मी घड्याळ कानाला लावून पाहिलं, चालू आहे ना म्हणून.

हिशोब तिनं मला चहा-सरबताच्या बैठकीत समजावला. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, हे किनाऱ्यावर सगळ्यांनाच ठाऊक. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनला भरती पुरी. पण ती समुद्राची. पाणी खाडीतून आत शिरून खाजण भरायला आणखी वीस मिनिटं. ही वीस मिनिटं बायची स्वतःची. डबा खोलीत आल्यापासून ती त्याच्या दिव्याकडे बघत होती आणि दिवा लाल झाला की कॅलेंडरवर त्या तिथीच्या चौकोनात काळा ठिपका देत होती. वारा असेल तर ठिपक्याला शेपटी. मी महिनाभर वायरी बदलत होतो, तेव्हा ही बाई दिव्याच्या स्वभावाचा अभ्यास करत होती.

मग मला माझं पुस्तक आठवलं. डिशचा सिग्नल दोन वाटांनी येतो. एक सरळ, दुसरा खाली पाण्यावर आपटून. ओहोटीला खाली चिखल, झुडपं, दुसरी वाट मोडलेली. भरतीला खाजणाचा आरसा होतो आणि दुसरीही वाट जागी होते. पाणी चढत जातं तसं त्या दुसऱ्या वाटेचं अंतर बदलतं आणि कधी दोघं एकमेकांना साथ देतात, कधी एकमेकांना खाऊन टाकतात. मी कागदावर चित्र काढून बायला दाखवलं. तिनं ते उलटंसुलटं करून पाहिलं.

“म्हंजे दोगं होडी ओढतायत,” ती म्हणाली. “दोगांनी एका दमात ओढली तर होडी वाळूवर. एक पुढं ओढतोय, एक मागं, तर होडी जागची हालत नाय. दोगंबी घामाघूम.”

मी चित्र खिशात घातलं. त्याची आता गरज नव्हती.

“आनि वारा सुटला तर?” तिनं विचारलं. उत्तर तिलाच माहीत होतं. माझी परीक्षा चालली होती.

“आरसा फुटतो. दुसरा माणूस दोर सोडून जातो.”

“शाना हायस,” बाय म्हणाली. एवढं मोठं प्रशस्तिपत्रक मला पदविकेच्या परीक्षेत मिळालं नव्हतं.

मी मालकाला जाऊन सांगितलं, लाइन भरतीमुळे जाते. मालक म्हणाले, “उद्या सांगशील, एकादशीला उपासही करते.” वर असंही म्हणाले, “महिना संपला. रामअवतारला घेऊन जा आणि डिश उतरव.”

तो दिवस ऑक्टोबरातला. पौर्णिमा होऊन दुसरा दिवस, द्वितीया. असा उकाडा की जीपचं स्टिअरिंग हाताला चिकटत होतं. आम्ही रस्त्यावर पाणी यायच्या आत गावात शिरलो. रामअवतार पाना घेऊन छपरावर चढला. मी बायच्या खोलीत उभा राहिलो, कुठे बघावं ते कळेना. तिनं ‘का नेतोस’ असं विचारलं नाही. फक्त म्हणाली, “सिस्टरला सांगितलंस?”

“सांगतो.”

“तू सांग. मी नाय सांगनार.”

सिस्टरला सांगायला मी जिना उतरलो आणि उपकेंद्राच्या दारात तांडेल दिसला. भिंतीला धरून उभा. शर्ट घामानं अंगाला चिकटलेला, एक हात छातीवर. सिस्टर त्याला धरून आत नेत होती. तांडेल मला बघून म्हणाला, “दुखतंय जरा,” आणि ‘ओव्हर’ म्हणाला नाही. त्यावरून मला कळलं, की हे साधं दुखणं नाही.

सिस्टरनं ईसीजी काढला. पट्टी हातात धरून ती माझ्याकडे वळली. वयानं लहान होती ती, पण खमकी. “दादा, मला हे डॉक्टरांना दाखवायलाच पाहिजे. काय द्यायचं, काय नाही द्यायचं, ते मी मनानं नाही ठरवणार. लाइन चालू आहे ना?”

मी जिना चढून वर गेलो. डब्यावरचा दिवा लाल. घड्याळात सव्वा वाजला होता. रस्ता केव्हाच बुडाला होता, धक्का बुडाला होता, गावाचं बेट झालं होतं. छपरावरून रामअवतारचा आवाज आला, “साब, एक बोल्ट खोल दिया। दूसरा खोल दूँ?”

“हात मत लगा!” मी असा किंचाळलो, की तो पाना टाकून डिशला मिठी मारून बसला.

बायला कोणीतरी खालून ओरडून सांगितलं होतं. ती जिन्याकडे गेली नाही. ती कॅलेंडरपाशी गेली. मी तिचं बोट बघत होतो. द्वितीया. दोनाची पाऊणपट दीड. त्यावर वीस मिनिटं. मग ती खिडकीत गेली आणि चेहरा बाहेर काढून उभी राहिली. वारा बघत होती. वारा नव्हता.

“दोनाला धा कमी असताना पानी पुरं होनार. मग थांबनार. पानी थांबलं की लाइनबी टिकनार. तेवाच येईल,” ती म्हणाली. तिच्या बोलण्यात त्या दिवशी कुठेही लाट नव्हती, सगळं एका दमात. “वीस मिनिटं राहील. मग जाईल ती तीनपर्यंत येत नाय. सिस्टरला सांग, सगळं तयार ठेव. फोटो काढून ठेव. काय काय इचारायचं ते मनात लावून ठेव.”

मी खाली निरोप दिला आणि वर येऊन मीटर लावलं. काटा तळाला. आणि दीड वाजून पाच मिनिटांनी, देवाशपथ सांगतो, काटा उसळला. दिवा हिरवा! मी खिडकीतून ओरडायला तोंड उघडलं, “सिस्टर, लाव...”

बायनं माझं मनगट धरलं. “नको.”

“बाय, सिग्नल आलाय! हे बघ, मी मोजलाय!”

“मोजलंस ते मगाचं. पानी अजून चढतंय. पानी किती हाय ते इचारू नको पोरा, पानी कुठं चाललंय ते इचार. आता लावलं तर अर्ध्यावर तुटेल. डागदर तिकडं घाबरंल, ही पोर इकडं घाबरंल, आनि त्याला,” तिनं भिंतीपलीकडे मान केली, “त्याला ते दिसंल. त्यानं घाबरायला नको आता.”

तिचं बोलणं संपायच्या आत दिवा लाल झाला.

मी आयुष्यात पुष्कळ वाट पाहिली आहे. नोकरीची पाहिली, मुलीच्या निकालाची पाहिली. त्या चाळीस मिनिटांसारखी वाट मी पाहिली नाही. छपरावर रामअवतार डिशला मिठी मारून पुटपुटत होता. पलीकडून सिस्टरचा आवाज येत होता, “काका, बोलू नका, नुसते पडून राहा.” आणि बाय डब्यासमोर बसली होती. जाळ्याची सुई नाही, माइक नाही. दोन्ही हातांनी तिनं डबा धरला होता, जसं तापलेल्या पोराचं डोकं धरावं. खिडकीबाहेर खाजण भरत होतं. एकेक झुडूप बुडत होतं. पाणी इतकं निवांत, की त्यात सफाळ्याचा डोंगर उलटा दिसत होता. ज्या पाण्यानं रस्ता खाल्ला, त्याच्याच थांबण्याची आम्ही वाट बघत होतो.

दोनाला दहा कमी झाले. दिवा लालच. मी बायकडे बघितलं नाही. माझी छाती झाली नाही. मग खालचं शेवटचं झुडूप अर्धं बुडून तसंच राहिलं. आणखी वर पाणी गेलं नाही.

“थांबलं,” बाय म्हणाली.

दिवा हिरवा झाला. मी बोंब मारली. भिंतीपलीकडे यंत्रातून एका माणसाचा स्पष्ट आवाज आला, “हां सिस्टर, दिसतंय. पट्टी जवळ धरा.” डॉक्टरांनी पट्टी पाहिली, तांडेलाचा चेहरा पाहिला, प्रश्न विचारले. एक गोळी चावायला, एक जिभेखाली. हे द्या, ते अजिबात देऊ नका. आडवं ठेवा. गाडी पाण्याच्या पलीकडे आणून उभी करतो, रस्ता उघडला की लगेच. सिस्टरनं मनात लावून ठेवलेले सगळे प्रश्न विचारले, एकामागून एक, न अडखळता.

बाय डब्यापासून हलली नाही. खिडकीतून दिसणाऱ्या त्या अर्ध्या झुडपावर तिची नजर. थोड्या वेळानं तिनं भिंतीवर थाप मारली. “सिस्टर, दोन मिनटं ऱ्हायली! शेवटचं काय ते इचार आनि ठेव!”

पलीकडून डॉक्टर म्हणाले, “कोण बोलतंय?”

सिस्टर म्हणाली, “पेशंटची बायको, सर. ठेवते आता. लाइन जाईल. पाणी उतरलं की येतो आम्ही.”

तिनं ठेवलं. आणि दिवा लाल झाला.

तेव्हा बायनं डब्यावरचे हात काढले. डब्याच्या कडेच्या पत्र्याला खाचा होत्या. त्या खाचांच्या रेघा तिच्या दोन्ही तळव्यांवर खोल उठल्या होत्या. तळवे उघडे ठेवून ती त्यांच्याकडे बघत बसली आणि म्हणाली, “आता...” मी वाट पाहिली. मोठी लाट होती. “...मी जाते त्याच्याकडं.”

पाणी उतरलं, गाडी आली, तांडेल बोईसरला पोचला. दवाखान्यातून घरी आल्यावर त्याचं पहिलं वाक्य होतं, “आमटीत मीठ घाल आता, ओव्हर.” मीठ डॉक्टरांनी बंद केलं होतं. बायला पुन्हा ऐकू आलं नाही.

डिश त्या छपरावरून उतरली नाही. मी मालकांना काय सांगितलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. दोन दिवसांनी त्यांनी स्वतःच बेटेगावच्या गोदामातली एक जुनी डिश माझ्यापुढे टाकली. ती मी पहिलीच्या खाली, दोन माणसांच्या उंचीइतक्या अंतरावर बसवली. एकीवर पाण्याचा खेळ उलटा पडला तरी दुसरीवर सुलटा पडतो. बायला समजावून सांगायला गेलो तर ती म्हणाली, “सरळ सांग ना, दोन तांडेल ठेवलेस. एक झोपला की दुसरा जागा.” याहून चांगलं मी आजतागायत कोणाला समजावू शकलो नाही.

चैत्र-वैशाखात मात्र बायचं वेगळंच काही चालायचं. पहाटे वारा पडलेला, समुद्रावर गरम हवेचं झाकण बसलेलं; अशा सकाळी तिचा सेट एकदम शे-दोनशे मैलांवरचं ऐकायला लागायचा. गुजरातच्या किनाऱ्यावरचा एक कांतीभाई तिला दर वर्षी असा भेटायचा, दहा-पंधरा मिनिटं. पोरांची लग्नं, मासळी, गुडघे, सगळी विचारपूस. मग बाय म्हणायची, “ठेवते, कांतीभाई, ऊन चढलं,” आणि कांतीभाई पुढच्या अशा सकाळपर्यंत संपायचे. एकमेकांना त्यांनी कधी पाहिलं नाही. तांडेल कुरकुरायचा. बाय म्हणायची, “चैत्रातच असतो तो. बाकी वर्षभर तुजाच हाय ना मी?”

पुढे दातिवऱ्याला केबल आली, दोन्ही डिश उतरल्या. वायरलेसची खोलीही बंद झाली. होड्यांवर आता नवी यंत्रं आहेत. मी बोईसरलाच आहे. आमच्याकडची पोरं आता संगणकाला शिकवतात, की मागचा सिग्नल बघून पुढचा सांग. पुढच्या क्षणाचा, पुढच्या तासाचा. फार हुशार पोरं आहेत. मी त्यांना पहिल्या दिवशी बायची कॅलेंडरं दाखवतो. तिनं ती सगळी मला दिली, सुतळीत बांधून. काळे ठिपके, शेपटीवाले ठिपके, वर्षामागून वर्षं. एका पोरीनं त्यांचं एकेक पान उलटून पाहिलं. मग म्हणाली, “सर, ह्यांना कोणी शिकवलं?” मी म्हटलं, “दर्यानं. फी जबर होती.” त्या पोरांचा अंदाज चुकला की मी एवढंच विचारतो, “मोजलंत तेव्हा दर्या घरी होता का?”

केबल आल्यावरही बाय आणि मी फोनवर बोलायचो. आता मोबाइलची रेंज तिच्या स्वयंपाकघरातही पूर्ण यायची, तरी थांबणं गेलं नव्हतं. मी त्या थांबण्यात कधी घुसलो नाही. गेल्या हिवाळ्यात एका दुपारी तिचा फोन आला. ती थकली होती. तांडेलाच्या गुडघ्याचं सांगितलं, माझ्या मुलीचं विचारलं, कॅलेंडरांना वाळवी लागू देऊ नकोस म्हणाली. मीही सगळं सांगितलं. मग ती म्हणाली, “बरं. ठेवते आता. सांभाळून ऱ्हा.”

“अगं बाय, एवढ्यात काय? रेंज आहे भरपूर.”

थोडं थांबून ती म्हणाली, “मोजलंस ते मगाचं, पोरा.” आणि ठेवला.

दोन दिवसांनी तांडेलाचा फोन आला. नुसता त्याचा श्वास येत होता, वर चढायचा, खाली उतरायचा. मी ताल धरला. वर आला तेव्हा म्हणालो, “तांडेल...” थांबलो. पुन्हा वर आला तेव्हा म्हणालो, “...कळलं मला. येतो मी.”

सफाळ्यावरून जाताना मी जीप थांबवली. खाजण भरत होतं. पाणी चढतंय की उतरतंय हे पाहत मी बराच वेळ उभा राहिलो. वाईट वाटत होतं, पण एक सांगतो, मी घाबरलो नाही. बोलायचं सगळं बोलून झालं होतं. फोन मधेच तुटला नव्हता. तिनं तो ठेवला होता.